शेवटचा पांढरा ठिपका

दिनेशने बटण दाबलं आणि माझा बिबट्या आंधळा झाला. बटण दाबेपर्यंत तो छान बघत होता. नऊ दिवस, डोळे पुरे व्हायच्या आधीही, त्याने माझ्याकडे बघितलं होतं, मी डबा खाताना, ब्रश धुताना, फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालताना. मान मागे वळवून, खांद्यावरून, जरासा वैतागून. मी मनात म्हणायची, थांब बाबा, अजून थोडंच राहिलंय. आणि आता शेडचं शटर खाली ओढलेलं, खिडक्यांवर ताडपत्र्या, बाहेर सकाळचे सव्वाअकरा आणि आत मिट्ट काळोख, त्या काळोखात त्याचं अंग मधाच्या रंगाचं होऊन वर आलं. ठिपके उमटले, पाठीचा कणा शेपटीपर्यंत सरसरत गेला, पोटाशी धरलेल्या पंजातली एकेक गादी वेगळी दिसली. माझ्या तोंडून ‘अहाहा’ निघणार एवढ्यात नजर डोळ्यांवर गेली. तिथे दोन काळे डाग होते. बाकीचा डोळा पिवळा, नितळ, जसा हवा तसा. आणि बरोब्बर मधे, जिथे सगळा जीव असायला हवा तिथे, हरभऱ्याएवढा काळा डाग.

“मॅडम, ह्याला मोतीबिंदू झाला का काय?” दिनेश म्हणाला. दिनेश आमचा वायरमन. वय सव्वीस, आयटीआय झालेला, कामाला चोख आणि जिभेला हाड नाही. त्याच्या आईने, तानुबाईंनी, अंधारातच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तो मला ऐकू आला. तानुबाई सुरगाण्याकडच्या. दर वर्षी द्राक्षाच्या कामाला खाली यायच्या, या वर्षी लेकाने महिनाभर आधीच आणून माझ्या हवाली केल्या. बांबूच्या कामट्यांतून त्या काय वाटेल ते विणतात. बिबट्याचं धड मी लोखंडी सळईचं केलंय, पण सळईला गाल जमत नाही. गाल, कपाळ, नाकाचा तो किंचित फुगीर उतार, हे सगळं तानुबाईंच्या कामट्यांचं. त्यावर ताणलेलं कापड माझं, आणि रंगही माझाच. रंग माझा होता म्हणून तर ही वेळ आली.

पांढरा रंग उजेड अडवतो. वाक्य एवढंच आहे, आणि चौथीतल्या पोराला कळेल असं आहे. कापडाच्या आत दिवा लावला की पातळ शाईतून उजेड गाळला जाऊन बाहेर येतो, पण डब्यातला जाड पांढरा तैलरंग भिंत होऊन उभा राहतो. बाहेरून ऊन पडलं तर तो चमकतो, आतून दिवा लावला तर काळा पडतो. अंगभर मी शाईच वापरली होती, इतकी अक्कल मला होती. दिव्यांच्या उत्सवातले बाकीचे सगळे प्राणी मी असेच निभावले: नांदूर मधमेश्वरचे रोहित पक्षी, अंजनेरीची गिधाडं, आणि एक तरस, ज्याच्याबरोबर कुणीही फोटो काढणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे. त्यांचे डोळे कॉलेजच्या मुलींनी केले, त्यांनी सरळ काळ्या चकत्या चिकटवल्या आणि त्या ठीक दिसल्या. बिबट्याचं तोंड मात्र मी कुणाला हात लावू दिलं नाही. दिवाही लावू दिला नाही. काम पुरं झाल्याशिवाय उजेडात आणायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आणि काल संध्याकाळी काम पुरं झाल्यावर मी वडिलांची पांढऱ्या रंगाची जुनी डबी उघडली, शून्य नंबरचा ब्रश घेतला, श्वास रोखला, आणि दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका ठेवला. केवढी खूश होते मी. दिंडोरी रोडने स्कूटरवर घरी जाताना मोठ्याने गात होते.

माझे वडील सावळीराम पेंटर. पंचवटीत त्यांचं दुकान होतं, दुकान म्हणजे एका बोळाच्या तोंडाशी टेकवलेली शिडी आणि रंगाचे डबे. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीतले चेहरे, ट्रकच्या मागचे वाघ, रसवंतीवरचे बैल. अक्षर सुरेख होतं, पण लोक त्यांच्याकडे यायचे ते डोळ्यांसाठी. “सावळीरामचा बैल बघतो,” असं म्हणायचे. चेहरा सगळा करून झाला की ते शिडीवरून खाली उतरत, विडी ओढत, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघत, मग परत चढून शेवटचा पांढरा ठिपका देत. तो ठिपका दुसऱ्या कुणी द्यायचा नाही. हाताखालच्यांनी सगळा बैल रंगवला तरी ठिपका त्यांचा. मी अकरा वर्षांची असताना एका तालमीच्या भिंतीवर वाघ काढत होते ते. मी खाली डबे धरून उभी. अचानक वरून ब्रश खाली आला. “चढ,” म्हणाले. शिडी हलत होती, तालमीतले पैलवान अंगाला माती लावलेले तसेच बाहेर येऊन बघत होते, आणि वाघाचा डोळा माझ्या तोंडाएवढा मोठा होता, मेलेला, सपाट. मी ठिपका ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं. शिडीवरून पडले नाही ती वडिलांनी घोटा धरला होता म्हणून. त्यानंतर फ्लेक्स आले, शिडी गेली, वडील गेले, आणि मीच अठरा वर्षं कॉम्प्युटरवर वाढदिवसांचे फ्लेक्स करत बसले, ज्यांत सगळ्यांच्या डोळ्यांत ठिपका आयताच असतो आणि बघत कुणीच नाही. तो ठिपका म्हणजे माझी सगळी इस्टेट. तीच मी काल बिबट्याच्या डोळ्यांत ठेवली होती.

आता गंमत सांगते. मला रडू यायला हवं होतं. उत्सव उद्या. तोंडाचं कापड बदलायचं तर कामट्या सोडवून पुन्हा ताणायला दोन दिवस. तैलरंग कापडात मुरलेला, पुसायला गेलं तर डोळाच पसरणार. आणि तरी त्या अंधारात उभी राहून मी स्वतःशीच हसत होते. पन्नाशी ओलांडल्यावर इतकी ताजी, इतकी ठसठशीत चूक माणसाच्या वाट्याला कितीदा येते? वर्षानुवर्षं मी चुकतही नव्हते, करतच नव्हते काही चुकण्यासारखं. आता सगळं आतून बाहेर उलटं झालं होतं, उजेड बाहेरून येत नव्हता, आतून येत होता, आणि मला अक्षरशः पहिल्यापासून शिकायचं होतं, संध्याकाळी सहापर्यंत. भूक लागल्यासारखं वाटत होतं.

सहापर्यंत, कारण तेवढ्यात रविराजचा फोन आला. रविराज उत्सवाचा आयोजक, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, अंगात जॅकेट, मनाने वाईट नाही. “योगिनीताई, गुड न्यूज हे. तो फायबरचा वाघ मिळतोय, रेडिमेड. जबडा उघडतो, तोंडातून धूर सोडतो, डोळे लाल. ट्रक उभाच हे, मी हो म्हटलं की निघतो.” मी म्हटलं, “गेटवर माझा बिबट्या ठरलाय.” “ठरलाय ना, ठरलाय. मी सहाला येतो बघायला. चालू स्थितीत दाखवा. जमलं तर गेटवर तुमचाच. नाय जमलं तर टेन्शन घेऊ नका, आत लावू कुठंतरी. टॉयलेटच्या बाजूला एक जागा हे, मोकळी.” मी फोन ठेवला. रिकाम्या शेडमध्ये अजून गेल्या हंगामाचा द्राक्षांचा आंबूस वास होता आणि भिंतीला क्रेटची चळत. मी एका क्रेटवर बसले. गेटच हवं होतं मला. आतली कुठलीही जागा चालणार नव्हती, अगदी मधोमध कारंज्याजवळची दिली असती तरी. गेटमधून प्रत्येकाला जावं लागतं. मला नाशिकमधल्या प्रत्येकाला त्या डोळ्यांसमोरून न्यायचं होतं, आमच्या सोसायटीतल्यांना तर एकेकाला धरून.

गेल्या थंडीतली गोष्ट. पहाटे पावणेसहाला मी दूध घ्यायला खाली पार्किंगमध्ये गेले. आमची सोसायटी गंगापूर रोडला, मागे थोडे मळे उरलेत, त्यांच्यापलीकडे नदी. दुधाच्या पिशव्या घेऊन वळले आणि बागेच्या नळापाशी तो बसला होता. पाणी पिऊन झालं असावं, हनुवटी ओली होती. माझी चाहूल लागली तशी त्याने मान मागे वळवून खांद्यावरून बघितलं. मी खांबाजवळ, तो नळाजवळ. नंतर मी मोजलं, नऊ पावलं. लोक विचारतात, घाबरला नाहीत? घाबरायला वेळच नव्हता. मला आनंद झाला. इतका आनंद झाला की लाज वाटावी. एक पाऊल डावीकडे सरकले तर डोळे नुसते तपकिरी, मांजरीसारखे. परत जागेवर आले तर पार्किंगच्या दिव्याने आतून पेटलेले, हिरवट सोनेरी, सरळ माझ्यात शिरणारे. तालमीच्या भिंतीनंतर इतकं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. नवऱ्याने नाही, मुलीने नाही, आरशाने तर नाहीच. मग तो उठला, घाई न करता, आणि भिंतीवरून पलीकडे गेला.

मी वर जाऊन सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. सेक्रेटरींनी कॅमेऱ्याची चित्रफीत काढली. नळ कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत नाही. दिसत होतं एवढंच: गाऊनवर स्वेटर घातलेली एक बाई दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या धरून उभी आहे, पाच बेचाळीस सातपासून पाच बेचाळीस अठरापर्यंत. अकरा सेकंद. मधेच ती एक पाऊल डावीकडे जाते आणि परत येते, नाच शिकत असल्यासारखी. ती चित्रफीत ग्रुपवर फिरली. लिफ्टमध्ये पोरं मला बिबट्याकाकू म्हणायला लागली. घरचेसुद्धा चहाच्या वेळी विचारायचे, आज कोण आलं होतं, सिंह का? मी हसायची आणि आत जळायची. तिसऱ्या दिवशी नळाजवळच्या ओल्या मातीत ठसा सापडला. स्वच्छ, चार बोटं, गादी, सगळं. मी शेजारी माझी चप्पल ठेवली, माप कळावं म्हणून, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली दोनच शब्द लिहिले: घ्या पुरावा.

घेतला त्यांनी. दुपारपर्यंत तो फोटो अर्ध्या शहराच्या मोबाईलवर होता. दुसऱ्या दिवशी मागच्या नाल्यात त्याला गाठलं. दोरी बांधली होती पोलिसांनी, पण माणसं दोरी तुडवून पुढे गेली, कंपाउंडवर चढली, टेम्पोच्या टपावर चढली. शिट्ट्या, आरडाओरडा, एकाने तर फटाका लावला. वनखात्याच्या लोकांना बेशुद्धीची सुई मारायला जागा मिळेना. शेवटी जाळीत बाहेर काढला तेव्हा त्याची जीभ लोंबत होती आणि डोळे अर्धे उघडे, कुणाकडेच न बघणारे, सपाट. रंगवून ठिपका द्यायचा राहिल्यासारखे. आणि हे सगळं मी पाहिलं ते डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण गर्दीत मीही मोबाईल वर धरला होता. पुढे त्याला जंगलात सोडलं म्हणतात. कुठे ते सांगत नाहीत, आणि ते बरोबरच करतात.

हे मी कुणाला बोलले नव्हते. उत्सवात ‘नाशिकचे वन्यजीव’ करायचं ठरलं तेव्हा मी फक्त म्हटलं, बिबट्या मी करीन, बसलेला, मागे वळून बघणारा. रविराजला उडी मारणारा हवा होता, मी अडून बसले. का, ते सांगितलं नाही. आणि आता मी क्रेटवर बसून त्या दोन काळ्या डागांकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की जाळीतल्या त्या डोळ्यांसारखेच हे दिसतायत. माझ्याच हाताने झालेले, दोन्ही वेळा.

तानुबाई शेजारी येऊन उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या, “ताई, तुमी डोळा वरून लावला.”

“मग कुठून लावायचा?”

“आमचा सासरा सोंगं करायचा, बोहाड्याच्या नाचाची. वाघ, म्हसोबा, राक्षस, समदी. कागदाच्या लगद्याची तोंडं. गावोगावचे न्यायचे. रंग देऊन झाला, दोरी लावली, की समद्यात शेवटी डोळा. पण डोळा रंगवायचा नाय. सळई तापवून भोक पाडायचं. आत मानूस असतो ना, त्याला दिसाया पायजे. आतल्याला दिसलं, की मग भायेरच्याला वाटतं, सोंग बघतंय.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वडील ठिपका ठेवायचे, तानुबाईंचा सासरा ठिपका काढून घ्यायचा. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत, भेटले असते तर बहुतेक भांडले असते. मी उठले, बिबट्याच्या तोंडाला तोंड लावून उभी राहिले, त्या काळ्या डागावर बोट ठेवलं. जिथे पांढरा ठेवला होता तिथेच भोक. रंग गेला, की सरळ आतला उजेड. आणि आत दिवा नुसता पसरलेला नको, एकेकच हवा, प्रत्येक डोळ्याच्या मागे, खोल. भोकातून खोलवरचा एकच दिवा एकाच जागेवरून दिसतो, बाजूला सरकलं की दिसत नाही. एक पाऊल डावीकडे, आणि नुसता तपकिरी. परत जागेवर, आणि पेटलेला! मी इतक्या जोरात “दिनेश!” म्हणून ओरडले की क्रेटच्या चळतीमागून दोन कबुतरं उडाली.

दिनेशला समजावताना माझे शब्द एकमेकांच्या पायांत येत होते. तो मान डोलवत होता, मग एकदम थांबला. “म्हणजे मॅडम, डोळे सगळ्यांकडे बघणार नाय. एका जाग्यावर उभं राहील त्याच्याकडंच.” “हो.” “आणि बाकीच्यांना आंधळा दिसणार?” “आंधळा नाही रे. दुसरीकडे बघतोय असा दिसणार.” त्याने डोकं खाजवलं. “मग उंच मानूस, बुटका मानूस?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. पोरगा खरंच कामाचा आहे. आम्ही ठरवलं की भोक गोल नको, उभट करायचं, मांजरीच्या डोळ्यातल्या बाहुलीसारखं, म्हणजे लहान पोरगंही चालेल आणि सहा फुटी माणूसही. दिनेश दोन बारीक दिवे आणायला स्कूटर घेऊन पंचवटीत पळाला. जाताना म्हणाला, “भोक चुकलं तर, मॅडम?” “तर टॉयलेटच्या बाजूला,” मी म्हटलं, आणि दोघेही हसलो.

चहाच्या गॅसवर तानुबाईंनी दाभण तापत धरलं. लाल झालं तसं फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि माझं मनगट सोडलंच नाही. “थांबा. आमच्या सासऱ्याची रीत व्हती. डोळा उघडायच्या आदी सोंगाला एक खरं सांगायचं. ज्यानं डोळा पाडायचा त्यानंच. देवाचं नाय, गावाचं नाय, आपलंच कायतरी. खोटं बोलून डोळा पाडला, तर डोळा फुटतो म्हणं.”

“तुमचे सासरे काय सांगायचे?”

“मला काय म्हाईत? आमाला भायेर काढायचे,” त्या म्हणाल्या, आणि खरंच पदर सावरत शटरखालून वाकून बाहेर गेल्या.

एखाद्या दिवशी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण दाभण गार होत चाललं होतं आणि मला थांबायला सवड नव्हती. मी त्याच्यासमोर उभी राहिले. दिवे बंद होते, शटरखालून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत त्याचं नाक तेवढं दिसत होतं, तानुबाईंनी विणलेलं. मी म्हटलं, “फोटो मी टाकला होता.” आवाज विचित्र आला, शेडमध्ये घुमला. “ठशाचा. सावध करायला नव्हता टाकला. पोरंबाळं खाली खेळतात म्हणून, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. मला बिबट्याकाकू म्हणत होते, म्हणून टाकला. मी खरी आहे, हे दाखवायला. तू मला अकरा सेकंद दिलेस आणि मी तुझा पुरावा केला.” मग रडू आलं, पण हात अजिबात हलला नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं. डावा डोळा. कापड चर्रकन मागे सरलं, जळक्या नायलॉनचा वास आला, कडा आपोआप गोळा होऊन पक्क्या झाल्या. दाभण पुन्हा तापवलं. उजवा डोळा. वडिलांचे दोन पांढरे ठिपके कापडाच्या राखेसकट माझ्या पायाशी पडले. मी ते उचलून डबीत ठेवले, का ते विचारू नका.

त्यानंतरचे चार तास मी बिबट्याच्या पोटात होते. पोटाला खालून एक झडप ठेवली होती, तिच्यातून आडवं होऊन शिरायचं, कोपर सळईला खरचटायचं, आणि मग त्याच्या मानेत डोकं घालून दिवा बांधायचा. दिनेश टॉर्च धरून. बाहेर तानुबाई. खांबापासून नळापर्यंतची नऊ पावलं मी शेडच्या फरशीवर मोजून खडूची रेघ मारली होती, तिथे त्यांना उभं केलं होतं. “दिसतं का?” “नाय.” “आता?” “एक दिसतो.” “कुठला?” “माजा डावा.” “म्हणजे त्याचा?” “त्यालाच विचारा!” आत मी हसून हसून वायर सोडली, पुन्हा धरली. घाम डोळ्यांत जात होता. एक दिवा इकडे सरकवला की दुसरा हुकायचा. माझ्या नाकासमोर त्या दोन उभट फटी होत्या, आणि त्यांतून मला बाहेरचं दिसत होतं: खडूची रेघ, तानुबाईंचे पाय, त्यांच्या पायातल्या दिनेशच्या जुन्या सँडल. बिबट्याच्या आतून माणसाकडे बघायची ही माझी पहिलीच वेळ. माणूस फार लहान दिसतो. पाचला दहा मिनिटं असताना बाहेरून उत्तर आलं नाही. “तानुबाई? दिसतं का?” काहीच नाही. “अहो, दिसतं का?” मी फटीतून बघितलं. सँडल दोन पावलं मागे गेल्या होत्या. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू. “आता हात लावू नका.”

मी बाहेर आले, पण बघितलं नाही. दिनेश म्हणाला बघा ना मॅडम, तानुबाई म्हणाल्या बघा, मी म्हटलं, नंतर. तोंड धुतलं, केसांतले कापडाचे धागे काढले. रविराज सहाला म्हणाला होता, आला पावणेसातला. बरं झालं, तोवर पुरता अंधार पडला. आम्ही शटर वर केलं, ताडपत्र्या काढल्या, दिंडोरी रोडवरून थंडी आत आली. मी मुद्दाम बिबट्याच्या मागे, बटणापाशी उभी राहिले, म्हणजे मला रविराजचं तोंड दिसेल. तो एका हाताने मोबाईलवर बोलत आला, “हो हो, ट्रक तयार ठेव, पाच मिनिटांत सांगतो,” आणि दुसऱ्या हाताने कॅमेऱ्यासाठी दुसरा मोबाईल काढला. मी बटण दाबलं. “वा,” तो म्हणाला, “वा वा, मस्त. पण ताई, डोळे जरा—” आणि मोबाईल समोर धरून पुढे येऊ लागला, पडद्यात बघत. एक पाऊल, दोन पावलं. खडूच्या रेघेवर पाय पडला आणि तो थांबला.

त्याने पडद्यावरून मान वर केली. मोबाईलचा हात आपोआप खाली आला, आधी छातीशी, मग मांडीशी. दुसऱ्या मोबाईलमधून ट्रकवाला हॅलो, हॅलो करत होता. रविराजचे ओठ किंचित उघडे होते आणि चेहरा लहान मुलाचा झाला होता, तालमीच्या शिडीवर माझा झाला असेल तसा. मी त्याच्या चेहऱ्यावर सोनेरी उजेडाचे दोन ठिपके शोधत होते, अर्थात एवढ्या लांबून ते पडत नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने घसा खाकरला, कानाला फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाला, “वाघ नको. नाय, नाय, नको. उद्या बोलू.” आणि मला म्हणाला, “ताई, गेटवर गर्दी होईल. दोरी बांधावी लागंल. कुठं बांधू?”

“तुम्ही थांबलात तिथे,” मी म्हटलं.

त्याने खाली खडूच्या रेघेकडे बघितलं, मग पुन्हा वर. “पण लोक दोरी मानत नायत, ताई.” “मानतील,” मी म्हटलं. मला खात्री नव्हती. पण म्हणताना बरं वाटलं. तो गेटचं माप घ्यायला निघून गेला, जाताना दोनदा मागे वळून बघत, आणि दुसऱ्यांदा वळला तेव्हा रेघेवर नसल्यामुळे त्याला नुसता बसलेला बिबट्या दिसला असणार.

मग मी आले पुढे. मोबाईल टेबलावर ठेवला, चष्मा पुसला, तानुबाईंचा हात धरला आणि रेघेवर जाऊन उभी राहिले. दिनेश बटणापाशी होता. “बंद करू का, मॅडम? दिवे तापतायत.” “मोजू दे,” मी म्हटलं. “मोजून झालं की कर.” खांद्यावरून, जरासा वैतागून, तो माझ्याकडे बघत होता. मी मोठ्याने मोजायला लागले. पाचला तानुबाईही माझ्याबरोबर मोजू लागल्या, त्यांना कशासाठी ते ठाऊक नसताना. आठ. नऊ. दहा. अकरा झाले. तो उठला नाही. मी बारा म्हटलं.